एकवीस इंचांचं चाक

आमच्या वाडीतून महामार्गाच्या फाट्यावर यायला चार किलोमीटर. त्यातल्या दीड किलोमीटरवर एके काळी डांबर होतं, आता खडी उरली आहे. मग वहाळ, त्यावर दुचाकी जाईल एवढा साकव आणि साकवापुढे जांभ्याचा चढ. फाट्यावरून महाड सुमारे ५६ किलोमीटर. महाडला मी मुलांना इंजिनं शिकवतो आणि गेली अकरा वर्षं हे अंतर दुचाकीनं जातो-येतो. दिवसाला १२० किलोमीटर. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर ३,०००.

मागच्या तुकडीतली एक मुलगी दहा-बारा दिवसांपूर्वी भेटायला आली. तिला लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आहे. घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, मुख्य रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. म्हणाली, "सर, रोज गाडीनं जायचंय. बाबा म्हणतात स्कूटर घे. मामा म्हणतो, हायवेच तर आहे, साधी दीडशेची घे. तुमच्यासारखी उंच गाडी मला जमेल का?" तिची उंची पाच फूट एक इंच. मी म्हटलं, "बाय, जरा थांब. आत्ताच पैसे भरू नकोस."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो. महाड, खेड, लोटे, चिपळूण या पट्ट्यात रोज पन्नास-साठ किलोमीटर गाडी मारून कामावर जाणारी पुष्कळ मुलं आहेत आणि त्यातली बहुतेक जण गाडी निवडतात ती शोरूमच्या चकचकीत फरशीवर उभी असताना. ती गाडी त्या फरशीवर पुन्हा कधीच उभी राहणार नसते.

आमचा रस्ता म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं, तेव्हा माझे आजचे विद्यार्थी अंगणवाडीत होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या गेल्या. नवा पूल पुढच्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू झाला. मी त्या पुलावर आजही गाडी आपोआप हळू करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला. चांगलंही झालं आहे. कशेडीचा बोगदा सुरू झाल्यापासून घाटातली वळणं आणि ट्रकमागची रांग टळली. काँक्रीटचे काही पट्टे तर असे आहेत की गाडीचा आवाजसुद्धा बदलतो. पण काँक्रीट संपतं, पुढे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पिंपं दिसतात, बाण डावीकडे वळायला सांगतो आणि चाक एकदम मुरमात आणि खडीत उतरतं. आठवड्यापूर्वी बाण उजवीकडे होता. पाऊस असेल तर खड्डा कुठला आणि डबकं कुठलं हे कळत नाही.

२०२४ च्या जुलैत संध्याकाळी साडेसहाला मी अशाच एका डबक्यात गेलो. गाडी साधी दीडशे सीसीची, वेग पन्नासच्या आत. खाली फूटभर खड्डा होता. पुढची रिम चेपली, हँडल हातातून सुटलं आणि माझं हंसळीचं हाड मोडलं. सात आठवडे घरी होतो. मागून येणाऱ्या टेम्पोचा चालक सावध होता म्हणून हा लेख लिहितो आहे. आई त्या सात आठवड्यांत एकच वाक्य बोलायची, "नोकरी बदल नाहीतर गाडी बदल." नोकरी बदलणं शक्य नव्हतं.

राष्ट्रीय महामार्गावरून कामाला जाण्यासाठी माणसाला शेतातून आणि दगडांवरून चालणारी गाडी शोधावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण जून दरवर्षी वेळेवर येतो. तेव्हा चाकापासून सुरुवात करतो.

साध्या गाडीचं पुढचं चाक १७ किंवा १८ इंची असतं. दुहेरी वापराच्या गाडीचं, म्हणजे शोरूमवाले जिला अ‍ॅडव्हेंचर म्हणतात तिचं, बहुधा २१ इंची. टायरसकट मोजलं तर १७ इंचीपेक्षा व्यासात दहा सेंटीमीटरचा फरक पडतो. मुलांना मी वर्कशॉपमध्ये एक चार इंची विटेचा तुकडा ठेवून दोन्ही चाकं त्याला टेकवून दाखवतो. लहान चाक विटेला जवळजवळ समोरून भिडतं. मोठं चाक वरच्या बाजूनं टेकतं आणि चढतं. खड्ड्याची पलीकडची कड म्हणजे तीच वीट. दुसरी गोष्ट शॉकअ‍ॅबची. साध्या गाडीचे पुढचे शॉकअ‍ॅब बारा-तेरा सेंटीमीटर खाली बसतात, माझ्या आताच्या गाडीचे १९ सेंटीमीटर बसतात. पोटाखाली २२ सेंटीमीटर मोकळी जागा आहे, त्यामुळे साकवाच्या उंबऱ्यावर इंजिन घासत नाही. तारांच्या चाकाचा गुण असा की मार बसला तर रिम वाकते आणि ती मिस्त्रीला तारा ओढून सरळ करता येते. ओतीव चाकाला तडा गेला की ते बदलावंच लागतं.

या सगळ्याची किंमत उंचीत द्यावी लागते. शॉकअ‍ॅब लांब म्हणजे सीट वर. सीटच्या आरामाचंही तसंच. या गाड्या उभ्यानं चालवायच्या हिशेबानं केलेल्या, म्हणून सीट अरुंद आणि कडक. पहिल्या महिन्यात पोलादपूर येईपर्यंत माझी कंबर बोलू लागायची. यावर उपाय सोपा आहे आणि तो कुणी सांगत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी मोकळा रस्ता बघून फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे टाकीला टेकवून. वाडीच्या रस्त्यावर तर उभंच राहायचं. तेव्हा खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचत नाही, गुडघ्यात विरतो.

दुसरी किंमत ट्यूबची. तारांच्या चाकात सहसा ट्यूब असते. ट्यूबलेसमध्ये खिळा घुसला तर हवा हळूहळू जाते आणि पंक्चरवाला चाक न काढता दोरी भरून देतो. ट्यूब फाटली की टायर लगेच बसतो आणि मागचं चाक उतरवायचं म्हणजे घामाचं काम. माझ्या बॅगेत टायर काढायचे दोन लिव्हर, हातपंप आणि २१ इंची एक ट्यूब कायम असते. महामार्गावरच्या पंक्चरच्या टपरीत ही ट्यूब मिळण्याची खात्री नाही आणि अडचणीत तीच ट्यूब मागच्या १८ इंची चाकात घालून घरापर्यंत येता येतं. उलट करता येत नाही. कशेडीच्या अलीकडे रात्री आठ वाजता मी हे केलं आहे.

आता वेगाबद्दल. मुलं पहिल्यांदा टॉप स्पीड विचारतात. वारा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ८० वरून १०० वर जाताना वेग पाव पटीनं वाढतो आणि वाऱ्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. उंच बसलेला माणूस, रुंद हँडल, वर आलेला मडगार्ड, हे सगळं वाऱ्याला आडवं येतं. म्हणून दोनशे सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन ७५ ला निवांत चालतं, नव्वदीला ओरडू लागतं आणि शंभरावर तासभर ठेवलं तर हाताला मुंग्या येतात. हा या आकाराच्या इंजिनाचा स्वभावच आहे. आता हिशेब करा. फाट्यापासून महाडपर्यंत रस्ता पूर्ण मोकळा आहे असं धरलं, जो कधीच नसतो, तरी ७५ च्या वेगानं पंचेचाळीस मिनिटं लागतात आणि ९० नं साडेसदतीस. साडेसात मिनिटं वाचतात. चौपदरी रस्त्यावर दुचाकीची कायद्याची मर्यादाही ८० च आहे. ज्याला रोज शंभराच्या पुढेच जायचं आहे त्यानं ही लहान गाडी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. तो तिच्यावर आणि स्वतःवर दोन्हीवर अन्याय करेल.

पण ताकदीचा प्रश्न एका ठिकाणी खरा आहे. जिथे रस्ता अजून दुपदरी आहे तिथे कंटेनरच्या पुढे जाताना साठावरून ऐंशीवर पटकन जावं लागतं. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला ते जड जातं, अर्ध्यात अडकल्यासारखं होतं. दोनशेला एक गिअर खाली टाकून जमतं. मामाच्या दीडशेच्या सल्ल्यात आणि माझ्या सल्ल्यात खरा फरक इथे आणि चाकात आहे.

हंसळी जुळल्यावर मी तीन गाड्यांचा विचार केला. पहिली रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन, ४११ सीसी, वापरलेली. ३२ न्यूटन मीटर टॉर्क, १५ लिटरची टाकी, सीट ८०० मिलिमीटर म्हणजे तिघींत सर्वांत खाली, आणि महामार्गावर इतकी शांत चालते की उतरावंसं वाटत नाही. वजन १९९ किलो. मी ती मित्राकडून दोन दिवस मागून घेतली. दुसऱ्या दिवशी जांभ्याच्या चढावर ती हळूच आडवी झाली आणि मला एकट्याला उचलता आली नाही. गुरं घेऊन चाललेल्या शेजाऱ्यांची वाट बघत मी पावसात अर्धा तास उभा होतो. दुसरी सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स, २४९ सीसी, साडेसव्वीस हॉर्सपॉवर, सहा गिअर, १६७ किलो. पुढचं चाक १९ इंची, टायर ट्यूबलेस. फक्त महामार्ग आणि बरा गावरस्ता असेल तर माझ्या मते तिघींत हीच उत्तम. तिसरी हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही. एकोणीस हॉर्सपॉवर, पाच गिअर, १५८ किलो, पुढे २१ आणि मागे १८ इंची तारांची चाकं.

मी तिसरी घेतली. माझ्या वाडीचे चार किलोमीटर, उचलता येईल असं वजन आणि खेडमध्येच मिळणारा सुटा भाग, ही माझी तीन कारणं. शेवटचं कारण सगळ्यात मोठं. जो रोज १२० किलोमीटर चालवतो त्याला गाडी चार दिवस बंद ठेवून मुंबईहून भाग मागवणं परवडत नाही. गाडी बघायला जाण्याआधी मी आमच्या मिस्त्रीकडे गेलो आणि विचारलं, यातलं कुठलं इंजिन तू उघडलं आहेस? ही चौकशी प्रत्येकानं करावी.

अंतराचा हिशेब मुलांना चक्रावून टाकतो. हिरो कंपनी दुचाकीला पाच वर्षं किंवा ७०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी देते. शोरूममध्ये 'पाच वर्षं' मोठ्यानं ऐकू येतं. महिन्याला ३,००० किलोमीटरवाल्याची वॉरंटी दोन वर्षांच्या आत संपते. चेन साधारण ५०० किलोमीटरला साफ करून तेल द्यायची असते, म्हणजे दर चौथ्या-पाचव्या दिवशी. पावसात मी दोन दिवसांआड करतो, कारण मुरमाचं पाणी चेनमध्ये शिरलं की ते दळण दळावं तसे दाते खातं. ऑइल बदलणं हे वर्षातून दोनदाचं काम राहत नाही, ते पगाराबरोबर दर महिन्याला ठरलेलं येतं. माझा मागचा टायर १६,००० ला गेला. गाडीच्या हप्त्यात हा खर्च आधीच मिळवून बघा. पेट्रोलचंही तसंच. माझी गाडी लिटरला चाळीसच्या आसपास देते. हिमालयननं मला तीस दिलं. दिवसाला तीन लिटर आणि चार लिटर, महिन्याला पंचवीस लिटरचा फरक. लिटर शंभराच्या पुढे आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्यांचा ४० झाला. म्हणजे लहान गाडीकडे वळायला आता आणखी एक कारण आहे. माझी त्याआधीची, जुन्या दराची. मला त्याचं दुःख नाही, त्या मुलीला मात्र फायदा आहे.

माझे वडील राजदूतवर फिरायचे. १७५ सीसी, मूळ आराखडा पोलंडचा, बांधणारी कंपनी एस्कॉर्ट्स. तिला कुणी दुहेरी वापराची म्हटलं नाही. तीच भाताची गोणी घेऊन बांधावरून यायची आणि तीच कोर्टाच्या कामाला तालुक्याला जायची. पुढे अ‍ॅव्हरेजच्या मागे लागून आपण गाड्या हलक्या आणि बुटक्या करत गेलो आणि गावाकडच्या रस्त्यासाठी काहीच उरलं नाही. हिरोनं २०११ मध्ये दीडशे सीसीची इम्पल्स आणली होती, तशीच उंच आणि लांब शॉकअ‍ॅबची. ती फार खपली नाही. मला तेव्हा ती घ्यायची होती, घेतली नाही. घेतली असती तर कदाचित हाड मोडलं नसतं.

ओल्या काँक्रीटबद्दल एक सूचना. मोठ्या नक्षीचे टायर मातीत पकडतात, पण गुळगुळीत ओल्या काँक्रीटवर त्यांचा रस्त्याशी स्पर्श कमी असतो. ब्रेक लावल्यावर लांब शॉकअ‍ॅब आधी खाली बसतात, मग गाडी थांबू लागते. ऐंशीच्या वेगात एका सेकंदात गाडी बावीस मीटर पुढे जाते. पावसात मी साठाच्या वर जात नाही आणि पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवतो. हेल्मेट आयएसआयचं, काच पांढरी. काळी काच संध्याकाळच्या पावसात घालू नका.

आता त्या मुलीच्या उंचीचं. एक्सपल्सची सीट ८२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबत्तीस इंच. तिचे दोन्ही पाय टेकणार नाहीत हे तिला आणि मला दोघांनाही दिसत होतं. सरळ रस्त्यावर त्यानं काही अडत नाही. अडतं ते डायव्हर्जनमध्ये ट्रकमागे थांबताना, जिथे डाव्या बाजूला जमीन एक वीत खाली असते. हिमालयनची सीट खाली आहे, पण १९९ किलो तिनं एकटीनं उचलणं अवघड. स्कूटरचं चाक दहा-बारा इंची, आमच्या खड्ड्यांत ते मी कुणाच्याच मुलीला सुचवणार नाही. तिच्या बाबांना मी घरी बोलावून हे समजावलं. ते गप्प बसून ऐकत होते, मग म्हणाले, "पडली तर उचलेल का, एवढंच सांगा सर."

म्हणून गेल्या शनिवारी गाडी आमच्या अंगणात मी मुद्दाम आडवी केली. तिनं हँडल पूर्ण वळवून घेतलं, पाठ गाडीला लावली, एक हात हँडलला आणि एक मागच्या दांडीला, आणि पायांच्या जोरावर ती मागे ढकलत उभी केली. तिसऱ्या खेपेला जमलं. मग ती पुढे आणि मी मागे माझ्या जुन्या गाडीवर, असे आम्ही कशेडीपर्यंत जाऊन आलो, तासभर. थांबताना सीटवरून डावीकडे सरकून एक पाय पूर्ण टेकवायचा आणि उजवा ब्रेकवर ठेवायचा, हे तिला परतीच्या वाटेवर आपोआप येऊ लागलं. साकवापाशी ती थांबली, पाय टेकवला, समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना जाऊ दिलं आणि पुन्हा निघाली.

तुम्हीही गाडी ठरवण्याआधी एवढं करा. ट्रायल शोरूमच्या भोवतीची पाच मिनिटांची घेऊ नका. तासभराची मागा आणि तुमच्या रोजच्या रस्त्यावर, शक्य असेल तर पावसात, घ्या. मला एका दुकानात नाही म्हणाले, मी दुसऱ्या दुकानात गेलो. तिथे गाडी मिळाली आणि खरेदीही तिथेच झाली.

माझ्या गाडीला चौदा महिने झाले आहेत. काट्यावर ३८,००० च्या वर किलोमीटर आहेत, चेनचा दुसरा संच चालू आहे आणि पुढची रिम अजून एकदाही वाकलेली नाही. त्या मुलीनं सोमवारी गाडी नोंदवली. सीटचा स्पंज इंचभर कापून घ्यायचं खेडच्या सीटवाल्याशी बोलून ठेवलं आहे.